एनव्हिडियाचं जुनं जीटीएक्स १०८० टीआय की नवं आरटीएक्स ४०६०?
सांगलीत लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारी पोरं ग्राफिक्स कार्ड घेताना हमखास इथेच अडतात. रे ट्रेसिंग (गेममधला उजेड-सावली खऱ्यासारखी दाखवायचं तंत्र) सोडलं तर गेममध्ये दोन्ही जवळपास बरोबरीची. २०१७ च्या १०८० टीआयला मेमरी ११ जीबी, २०२३ च्या ४०६० ला ८; जड टाइमलाइनला (एडिटिंगमधली क्लिपांची मांडणी) ते जास्तीचे ३ जीबी खरंच कामी येतात. पण जुनं २५० वॅट खातं, नवं ११५. एप्रिलच्या उकाड्यात, पत्र्याखालच्या खोलीत, हा फरक नुसत्या पंख्याच्या आवाजावरून कळतो. जुन्याला ८ आणि ६ पिनच्या दोन वायरी, म्हणजे पॉवर सप्लायही दणकट हवा. डीएलएसएस (एआयच्या मदतीने गेम जास्त वेगात चालवायची सोय) आणि एव्ही१ एन्कोडिंग (व्हिडिओ कमी जागेत बसवायची पद्धत) या दोघांपैकी नव्यातच. मी ४०६० च घ्यायला सांगेन. जुनंच घ्यायचं तर तासभर लोड देऊन, तापमान बघून मगच पैसे मोजा.