आठ दिवसांत गुण आला, तिथेच आम्ही फसलो

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, 64 वर्षांचे आहेत. गळ्यात माळ आहे, त्यामुळे अंडं-मटण कधीच सुटलेलं. कोरोनाची दोन वर्षं सोडली तर आळंदी ते पंढरपूर पायी वारी त्यांनी 25 वर्षं चुकवली नव्हती. गेल्या वर्षी वारीहून परतले ते मात्र थकूनच. मळ्यात पाणी धरायला गेले की बांधावर बसून राहायचे, तळपायाला मुंग्या यायच्या, गुडघे दुखायचे. दवाखान्यात चला म्हटलं की "वय झालं, आता असंच चालायचं" एवढंच उत्तर. पण यंदाची वारी काही झालं तरी चालायचीच, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. त्या माणसाने नेमकं तेच हेरलं.

हनुमान जयंतीच्या सप्ताहात देवळाच्या सभामंडपाशेजारी मोफत आरोग्य तपासणीचं टेबल लागलं होतं. माणूस परका नव्हता. पलीकडच्या आळीतल्या एका घरचा जावई. कपाळाला बुक्का, आणि येणाऱ्या प्रत्येकाला "या माऊली, बसा माऊली". सप्ताहात असं बोलणाऱ्यावर संशय घ्यायचं आमच्या गावात कुणाच्या मनातही येत नाही.

टेबलावर लॅपटॉप आणि त्याला वायरने जोडलेला एक धातूचा दांडा. त्याने आबांचं नाव, वय, उंची, वजन विचारून टाइप केलं आणि दांडा मुठीत घट्ट धरायला सांगितला. मिनिटभर पडद्यावर रंगीत पट्ट्या पळाल्या, मग प्रिंटरमधून एकामागून एक कागद निघत राहिले. हृदय, यकृत, हाडं, जीवनसत्त्वं, सगळ्यांचे आकडे दशांश चिन्हासकट. सुई नाही, रक्ताचा थेंब नाही. आईनेही दांडा धरला, तिचाही तेवढाच जाड गठ्ठा निघाला. तो लाल पेनने गोल करत म्हणाला, "माऊली, शरीरातली ताकदच संपलीय. असं चालाल तर दिवे घाट चढायचा नाही." आबांचा चेहरा त्या वाक्याला उतरला, ते मी पाहिलं.

त्याने दोन महिन्यांचा कोर्स दिला. शक्तिवर्धक चूर्णाचा डबा 1,950 रुपयांना, जीवनसत्त्वांच्या कॅप्सूल 1,200 रुपयांना, असे दोन संच. 6,300 रुपये मी तिथेच फोनवरून पाठवले. बिल मागितलं तर म्हणाला, घरचीच माणसं आपण, बिल कशाला. डब्यावर अश्वगंधा, शतावरी, सफेद मुसळीची चित्रं, "100 टक्के आयुर्वेदिक, कोणताही दुष्परिणाम नाही", आणि खाली सोनेरी शिक्क्यांची रांग.

पुढचं लिहिताना मला अजून त्रास होतो, पण तेच सांगण्यासाठी हे लिहितोय. चूर्णाने गुण आला. आठ दिवसांत आला. आबांना सपाटून भूक लागू लागली, एका भाकरीवर उठणारा माणूस तीन खाऊ लागला. गुडघे दुखायचे थांबले. पहाटे चारला उठून हरिपाठ म्हणत मळ्यापर्यंत चालून यायचे. घरात आनंद झाला. मी चार ठिकाणी सांगितलं, आणि माझ्या शब्दावर गावातल्या चार घरांनी ते डबे घेतले.

महिना झाला तसे गाल फुगले. लोक म्हणाले, तब्येत सुधारली. आम्हीही तसंच समजलो. पोट सुटलं पण हातपाय बारीक होत गेले. रात्री झोप नाही. मनगटावर नुसतं कशाचं टोक लागलं तरी काळंनिळं पडायचं. आबांना सहा वर्षांपासून साखर आहे, त्यासाठी मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे. गावात आलेल्या नर्सबाईंनी तपासली तर 318. त्या जावयाला फोन केला. तो म्हणाला, "शरीरातली घाण बाहेर पडतेय, बंद करू नका." आम्ही बंद केलं नाही.

जूनमध्ये डबे संपले आणि त्याचा फोन लागेना. वारी आठवड्यावर आली होती. चूर्ण बंद होऊन पाचवा दिवस असेल, आबा अंथरुणातून उठलेच नाहीत. उलट्या, घाम, बोलणं अडखळत. गाडीत घालून कराडला नेलं तेव्हा रक्तदाब 80 वर आला होता.

डॉक्टरांनी चेहऱ्याकडे बघून पहिलाच प्रश्न विचारला, "कुठलं चूर्ण, कुठली पुडी चालू होती?" मी डबा दाखवला. सकाळी आठच्या रक्तातलं कॉर्टिसॉल तपासलं, ते जवळजवळ नव्हतंच. त्यांनी मला बाजूला बसवून समजावलं. मूत्रपिंडाच्या वर दोन छोट्या ग्रंथी असतात, रोज लागणारं स्टेरॉइड, म्हणजे हेच कॉर्टिसॉल, त्या स्वतः तयार करतात. बाहेरून आयतं मिळू लागलं की त्या काम सोडून देतात. मग बाहेरचं एकदम थांबलं तर शरीराजवळ काहीच उरत नाही आणि जीवावर बेतू शकतं. भूक वाढणं, दुखणं गायब होणं, चेहरा गोल होणं, साखर चढणं, सगळं त्यातच बसत होतं. ते म्हणाले, ताकदीच्या आणि सांधेदुखीच्या चूर्णात असं गुपचूप स्टेरॉइड मिसळलेलं त्यांनी याआधीही पाहिलं आहे. मुळीचा गुण हळूहळू येतो. आठ दिवसांत गुडघे बोलायचे थांबले, तेव्हाच विचारायला हवं होतं.

आबांचा अशक्तपणाही तिथेच सापडला. जीवनसत्त्व बी-12 किमान 200 च्या आसपास तरी हवं, ते 118 होतं. बी-12 मिळतं ते प्राण्यांपासून आलेल्या अन्नातूनच, आणि आबांच्या पोटात त्यातलं चहातल्या दुधापलीकडे काही जात नाही. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्यानेही ते कमी होऊ शकतं. मुंग्या त्याच्याच होत्या. काही इंजेक्शनं आणि नंतर गोळ्या, अगदी मामुली खर्च. दवाखान्यातल्या त्या रात्री मी दांड्याच्या मशीनचा गठ्ठा उघडून पहिल्यांदा नीट वाचला. बी-12 पुढे लिहिलं होतं, "सामान्य". आईच्या गठ्ठ्यात तिच्या पित्ताशयाचं काम कसं चाललंय याचं अख्खं पान होतं. आईचं पित्ताशय चार वर्षांपूर्वी ऑपरेशन करून काढलेलं आहे.

डब्यावरचा नंबरही तेव्हाच तपासला. आहारपूरक म्हणून विकायचं असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेचा, 14 आकडी नंबर लागतो, आणि "औषधी वापरासाठी नाही" अशी सूचना छापावी लागते. आयुर्वेदिक औषध असेल तर उत्पादन परवान्याचा क्रमांक लागतो. आमच्या डब्यावर 14 आकडे होते, पण एफएसएसएआयच्या वेबसाइटवर टाकले तर तो परवाना दुसऱ्याच जिल्ह्यातल्या पापड-मसाल्याच्या उद्योगाचा निघाला. आयएसओ, जीएमपी हे दर्जाचे शिक्के म्हणजे परवाना नव्हे, कुणीही छापून चिकटवतो. त्याच्या पत्रकात मधुमेह मुळापासून बरा करतो असंही लिहिलं होतं, आणि अशी जाहिरात करायला 1954 च्या कायद्याने बंदी आहे. हे सगळं पाच मिनिटांत कळण्यासारखं होतं. पैसे पाठवण्याआधी मी ती पाच मिनिटं काढली नाहीत.

तक्रार केली आहे. अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री नंबर 1800222365, ग्राहक हेल्पलाइन 1915. उरलेली बुडाची भुकटी डब्यासकट जपून ठेवली, पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट आणि त्याचे मेसेजही. तुमच्या घरी असं काही घडलं तर रागाच्या भरात डबा फेकू नका, पुरावा तोच असतो.

दिंडी आबांशिवाय गेली. पालखी लोणंदला आली त्या दिवशी ते सकाळपासून दाराकडे पाठ करून बसले होते. आता ग्रंथी पुन्हा कामाला लागेपर्यंत दिलेली स्टेरॉइडची गोळी डॉक्टर थोडी थोडी कमी करत आणतायत, अजून काही महिने लागतील.

घरी आल्यावर मी त्या चारही घरी गेलो. पोटात गोळा आला होता, कारण डबे माझ्या सांगण्यावरून गेले होते. प्रत्येकाला एकच विनवलं, की महिनाभर घेतलं असेल तर आज रात्रीतून बंद करू नका, उद्या सकाळी डबा घेऊन माझ्याबरोबर कराडला चला, थांबवायचं कसं ते डॉक्टर सांगतील. तीन घरं आली. दोघांच्या तपासणीत तोच प्रकार निघाला.

चौथ्या घरची म्हातारी डबा द्यायला तयार नाही. कुठून तरी तिने नवीनही मागवलाय. मला म्हणाली, "बाळा, दहा वर्षांनी मी मांडी घालून बसतेय, आणि तू म्हणतोस विष हाय?" तिचे गाल आबांसारखेच फुगलेत. उद्या आबांना बरोबर घेऊन पुन्हा जाणार आहे.