‘१९४४ची मिलिटरी जीप’ घेतली आणि खोलल्यावर काय निघालं

जाहिरात अशी होती: ‘विलिस एमबी, १९४४, आर्मी डिस्पोजल, ओरिजिनल चॅसी, इंजिन नवीन बांधलेलं, पेपर क्लिअर.’ विलिस एमबी म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकन लष्करी जीप, आणि आर्मी डिस्पोजल म्हणजे लष्कराने विकून टाकलेली. साडेसात लाख मोजून गाडी वारज्याच्या एका शेडमधून कोथरूडच्या पार्किंगमध्ये आली. हौसेने घरीच खोलायला घेतली, आणि आठवड्याभरात त्या जाहिरातीतलं काहीच उरलं नाही. यातलं निम्मं तरी पैसे देण्याआधी कळू शकलं असतं. कसं, ते सविस्तर लिहितोय, कारण हीच तऱ्हा दुसऱ्या नावाने पुन्हा बाजारात येणार.

आधी गाडीची ओळख. बॉनेट उघडलं की इंजिनच्या माथ्यावर रॉकर कव्हर (हेडमधल्या व्हॉल्व्हवरचं झाकण) दिसत होतं आणि कार्ब्युरेटरही हेडच्या वरच बसवलेला. युद्धकाळातल्या एमबीचं इंजिन फ्लॅटहेड. त्याचे सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात, हेड म्हणजे नुसतं सपाट झाकण, आणि कार्ब्युरेटर बाजूला. इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये घेतलेलं एफ-हेड इंजिन विलिसच्याच सीजे-३बी या नागरी जीपमध्ये बसतं, आणि ते मॉडेल आलं १९५३ साली. इंजिन उंच म्हणून बॉनेट उंच, म्हणून त्या गाडीचा चेहरा तसा ताठ. महिंद्राने हीच जीप आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवली. विकणाऱ्याचं उत्तर तयार होतं: ‘आर्मीने रिपेअरला बॉनेट बदललं असेल.’ असं उत्तर आलं की पुढचा प्रश्न विचारायचा, बॉनेटबरोबर इंजिनही बदललं का? मग ‘ओरिजिनल’ काय राहिलं?

एमबीला मागे टेलगेट (उघडणारी फळी) नसतं, पॅनल सलग असतं. या गाडीचंही सलग दिसत होतं. फ्रीजवरचं साधं मॅग्नेट सुती फडक्यात गुंडाळून पॅनलवरून फिरवलं. मधे चिकटत होतं, पण दोन्ही कडांना हातभर उंचीची उभी पट्टी अशी की तिथे मॅग्नेट घसरून खाली. पेंट रिमूव्हर लावून खरवडल्यावर बोटभर जाड लांबी (खड्डे भरायची पुट्टी) निघाली आणि तिच्याखाली टाक्याटाक्याचं वेल्डिंग. म्हणजे टेलगेट बंद करून वर लांबी मारलेली. हेडलाइटचंही तेच. एमबीचे दिवे बिजागरीवर उलटे फिरवून इंजिनवर उजेड पाडता येतो, हे घट्ट बोल्ट केलेले. डॅशबोर्डावरच्या पितळी पाट्या नव्या छापून मिळतात, त्यांना पुरावा धरूच नका. बंपरमागे वाकून पुढचा क्रॉस मेंबरही (चॅसीचा आडवा दांडा) बघा. विलिस एमबीचा गोल पाइपचा असतो, फोर्डने बनवलेल्या जीपीडब्ल्यूचा चौकोनी. इथे चौकोनी होता, आणि गाडी म्हणे विलिसची.

सगळ्यात वाईट गोष्ट चॅसी नंबरपाशी निघाली. नंबर आरसी बुकाशी अक्षरन् अक्षर जुळत होता. पण रॉकेलच्या फडक्याने पुसून, बारीक एमरी पेपर मारून टॉर्च तिरका धरला तर नंबराभोवती चौकोनी सावली पडली. दुसऱ्या चॅसीवरची नंबरची पट्टी कापून इथे डकवलेली, कडा ग्राइंडरने सपाट केलेल्या. बाहेरून काही नाही, पण चॅसीच्या पन्हाळीसारख्या चॅनेलच्या आतून बोट फिरवलं की वेल्डिंगची गाठ लागते. आतून बोट फिरवायला कोणीही अडवत नाही, फक्त हात काळा होतो. याचा अर्थ, बुक भंगारात गेलेल्या एका गाडीचं आणि धड भलत्याच गाडीचं. हा नुसता महागात पडलेला सौदा नाही, यात घेणाराही पोलिसांच्या चौकशीत अडकू शकतो.

‘नवीन बांधलेलं’ इंजिन बघायला गेलो तेव्हा आधीच गरम होतं. थंड इंजिन आपल्यासमोर सुरू करायला सांगा. घरी आणून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, मोजून घेतलं. चारपैकी तीन सिलेंडर ११० ते ११८ पीएसआय, तिसरा ७०. त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा घेतलं तर १०२. तेल टाकून वाढलं म्हणजे दोष पिस्टनच्या रिंग आणि बोअरचा (सिलेंडरच्या भोकाचा), व्हॉल्व्हचा असता तर वाढलं नसतं. हेड उतरवल्यावर बोअरच्या वरच्या कडेला नख अडकेल असा काठ. स्टँडर्ड बोअर ७९.४ मिमी. भोसरीच्या मशीन शॉपमध्ये बोअर गेजने मोजून घेतला, वर आणि खाली १४ थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फरक. झिजलेल्या बोअरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घालून, धूर दिसू नये म्हणून घट्ट तेल भरलेलं. रिबोअरिंगचं बिल दाखवलं होतं, पण बिलावर ओव्हरसाइजचा, म्हणजे बोअर किती मोठा केला त्याचा, आकडाच नव्हता. खरं काम झालं असेल तर वीस थाऊ, तीस थाऊ असं लिहिलेलं असतं आणि पिस्टनच्या माथ्यावरही तो आकडा सापडतो.

गिअरबॉक्सचा ड्रेन प्लग उघडला तर तेलाबरोबर लाकडाचा भुसा. जुनी युक्ती आहे, आवाज दबतो. शेडजवळच्या सपाट रस्त्यावर गाडी शांत चालली. कात्रजचा घाट उतरवली असती तर दुसऱ्या गिअरचा लिव्हर निसटून न्यूट्रलला आला असता.

फोर बाय फोरची एक परीक्षा मात्र कुठल्याही शेडमध्ये करता येते. इग्निशन बंद, ट्रान्सफर केस (इंजिनची ताकद पुढच्या आणि मागच्या ॲक्सलला वाटणारी पेटी) न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला, कारण या जीपांचा हँडब्रेक ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर असतो. बाकीच्या चाकांना पक्क्या विटा लावा. मागचं एकच चाक जॅकवर उचला, खाली स्टँड द्या. टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टवर (ॲक्सलपर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्यावर) खडूची खूण करून चाक बरोबर दोन फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे मोजा. पलीकडचं चाक जमिनीवर अडकलेलं असतं, म्हणून एकाऐवजी दोन फेरे; शाफ्टचे जितके फेरे तितकं त्या ॲक्सलचं गुणोत्तर. मग पुढचं एक चाक उचलून तेच. पुढच्या हबवर फ्रीव्हील लॉक (चाक ॲक्सलपासून सुटं करणारे) असतील तर आधी लॉक करा. दोन्हीकडे आकडा एकच यायला हवा. इथे मागे पाच फेरे होऊन वर आणखी तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त, पुढे पाच पुरे व्हायला थोडंसं कमी. म्हणजे मागे ५.३८चं गुणोत्तर (४३ दात आणि ८), पुढे ४.८८चं (३९ आणि ८). फोर व्हील लावून डांबरावर चालवली की पुढचं-मागचं एकमेकांशी झगडतं आणि ट्रान्सफर केसचे गिअर जातात. गंमत अशी की ४.८८ हे एमबीचं गुणोत्तर. साडेसात लाखांत लष्करी जीपचं काही आलंच असेल तर तो पुढचा ॲक्सल.

शेवटचं आमिष होतं ‘विंटेज करून देतो’. २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे विंटेज नोंदणी ५० वर्षांवरच्या, धंद्यासाठी न वापरलेल्या गाडीला मिळते, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. पण चॅसी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. आणि त्या नंबरवर रोजची ये-जा करता येत नाही; प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढंच. म्हणजे कोथरूडहून ऑफिसला जायची स्वप्नं तशीही गेली. एजंटच्या फोटोवर जाऊ नका, बुक स्वतः घेऊन संगम पुलाच्या आरटीओत जुनी नोंद, फिटनेसची तारीख आणि बँकेचा बोजा तपासा.

फसल्याचं कळलं की पहिली चूक घरीच होते: चिडून सगळं घासून साफ करायचं. जोड दिसला की चॅसी नंबरच्या जागेला आणखी हात लावू नका, वेल्डिंगची कड हाच पुरावा आहे. फोटो काढताना शेजारी मोजपट्टी धरा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सअॅपवरचं बोलणं जपा; तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८खाली होते. इथे रोख दिलेल्या दोन लाखांची पावती नाही, त्यामुळे तक्रारीत आकडा साडेपाच लाखांचा. गाडी अजून स्टँडवर, चॅसी उघडी.