मोबाइलवरून कामगार भरती: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत वापरून झालेलं मत

चाकण एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम कारखान्यात मी भरतीचं काम बघते. सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशीनचा) ऑपरेटर, क्वालिटी इन्स्पेक्टर, पॅकिंगला हेल्पर अशी माणसं आम्हाला बारा महिने लागतात. दिवाळीला गावी गेलेल्यांपैकी बरेच जण नेहमीप्रमाणे परतले नाहीत, तेव्हा ठेकेदाराच्या तोंडाकडे बघत बसण्यापेक्षा थेट मोबाइलवरून माणसं घ्यायचं ठरलं. पैसे भरून जाहिरात टाकायचं एक भरतीचं ॲप, कंपनीचा वेगळा व्हॉट्सॲप नंबर आणि गेटवर एक टॅब्लेट, एवढा सरंजाम. ॲपचं नाव देत नाही. या जातीची बहुतेक ॲप्स थोड्याफार फरकाने अशीच वागतात असं आजूबाजूच्या कंपन्यांतली एचआर मंडळीही सांगतात.

माझं मत आधीच सांगते: अर्ज हवे असतील तर झकास. गेटवर माणूस हवा असेल तर अर्धं काम तुम्हालाच करायचंय.

जाहिरात टाकली की तासाभरात अर्जांची रांग लागते. साहेब खूश. पण एका बोटाने अर्ज जातो, म्हणून मुलं दिसेल त्या जाहिरातीवर बोट ठेवत जातात. फोन केला की पहिला प्रश्न, ‘कुठली कंपनी, मॅडम?’ टर्नर किंवा मशिनिस्ट ट्रेडचा आयटीआय हवा असं स्पष्ट लिहिलं तरी बीए झालेले, बारावी सोडलेले, एक तर चक्क अकाउंटंट, सगळे येतात. ॲपची चाळणी या कामाला फारशी उपयोगी नाही, कारण ती उमेदवाराने स्वतः निवडलेल्या पर्यायावर चालते, आणि निवडताना कोण एवढं वाचतो!

खरा फरक पडतो तो फोन कधी करता यात. त्याच दिवशी संध्याकाळी केला तर मुलगा बोलतो, दुसऱ्या दिवशी येतोही. दोन दिवस गेले की तो म्हाळुंग्यात किंवा भोसरीत दुसरीकडे लागलेला असतो. शिवाय अनोळखी नंबर पुष्कळ जण उचलत नाहीत, म्हणून आधी व्हॉट्सॲपवर कंपनीचं नाव, गेटचा फोटो आणि लोकेशन पाठवायचं आणि मग फोन. आणखी एक गोष्ट जाहिरातीत पहिल्याच ओळीत लिहा: कुठल्याही टप्प्यावर पैसे घेतले जात नाहीत. नोकरीच्या नावाखाली ‘रजिस्ट्रेशन फी’ उकळणाऱ्यांनी या पोरांना इतकं पोळलंय की ‘आधी किती भरायचे?’ हा प्रश्न सर्रास येतो.

पगाराबाबत ॲपवर माझा राग आहे. त्यात किमान-कमाल असा आकडा भरावा लागतो आणि उमेदवाराला ठळक दिसतो तो कमाल. त्यात ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, धरलेला असतो. मुलगा येऊन विचारतो, ‘कटून हातात किती?’ पीएफचे १२ टक्के, ईएसआयचा (कामगार विम्याचा) पाऊण टक्का, कँटीनचे पैसे हे सगळं वजा केल्यावर त्याचा चेहरा पडतो. आता आम्ही वर्णनाच्या रकान्यात आठ तासांचा हातात येणारा पगार वेगळा लिहितो, ओटी वेगळा. अर्ज कमी झाले. आलेले मात्र टिकतात.

अंतराचंही तसंच. ॲपच्या हिशेबाने मोशी आणि आळंदी आमच्या ‘जवळ’. पुणे-नाशिक रस्त्यावर सकाळी पहिल्या पाळीला कोणी कधी अडकलाय का, हे ते ॲप बनवणाऱ्यांना विचारायला हवं. आमची बस ज्या थांब्यांवरून जाते ते थांबेच आम्ही जाहिरातीत टाकतो. नांदेड, लातूर, यवतमाळकडून येणाऱ्याला तर अंतरापेक्षा कॉट कुठे मिळेल ते हवं असतं. नाणेकरवाडी, खराबवाडीतल्या खोल्यांची माहिती व्हॉट्सॲपवर तयार ठेवली, याचा उपयोग पैसे देऊन वर चढवलेल्या जाहिरातीपेक्षा जास्त झाला.

ॲपमधला मूळ फॉर्म लांबलचक होता आणि शेवटी रेझ्युमे मागायचा. पोरं काय करतात, तर वर ‘श्री गणेशाय नमः’ लिहिलेल्या बायोडेटाच्या कागदाचा फोटो काढून चढवतात, तोही आडवा. शेवटी फक्त नाव, ट्रेड, सध्या राहतो कुठे, कधी येऊ शकतो आणि फोन एवढंच ठेवलं. बाकी व्हॉट्सॲपवर आवाजी निरोपात विचारतो: मागच्या कंपनीत कुठलं मशीन चालवायचास? खरा ऑपरेटर फॅनुक, ऑफसेट, इन्सर्ट बदलणं असं सहज बोलून जातो. नुसतं बटण दाबणारा अडखळतो. लेखी उत्तरात हे कळत नाही.

बायकांच्या बाबतीत जपून. फोन बऱ्याचदा नवऱ्याचा किंवा भावाचा असतो. ‘अर्ज केलाय’ हे घरी माहीत आहे की नाही, आपल्याला ठाऊक नसतं. आता क्वालिटीतल्या ताईच त्यांना फोन करतात आणि अर्जातली व्यक्ती बोलत असेल तरच कामाचं बोलतात.

टॅब्लेटचा अनुभव संमिश्र. थेट गेटवर येणाऱ्याची नोंद झटकन होते, हा मोठा फायदा. मराठीत बोलून टाइप होतं, पण नाव आधारवरच्या इंग्रजी स्पेलिंगप्रमाणेच लागतं, तेवढं आमच्या ऑफिसातली मुलगी स्वतः भरते. चाचणीचा भाग मात्र फसला. व्हर्नियरचा (बारीक माप घ्यायच्या साधनाचा) फोटो दाखवून रीडिंग विचारायचो. ०.०२ मिमीपर्यंत मोजणाऱ्या बारीक रेघा पडद्यावर मोठ्या करता करता चांगली पोरं चुकायची आणि हातात खरा व्हर्नियर दिला की क्षणात बरोबर सांगायची. ती चाचणी बंद केली. टेबलावर व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि एक पिन ठेवली आहे.

जॉइनिंगच्या दिवशीची खरी कटकट यूएएनची, म्हणजे पीएफच्या कायमच्या नंबरची. ऑगस्ट २०२५ पासून नवा यूएएन सरकारच्या उमंग ॲपवर चेहरा दाखवून काढावा लागतो, आणि त्याआधी ओटीपी जातो आधारला जोडलेल्या नंबरवर. तो नंबर वडिलांचा, फोन गावी, वडील शेतात. पहिल्याच फोनमध्ये ‘आधारला कुठला नंबर आहे?’ विचारून घ्या, अर्धा दिवस वाचतो.

कागदपत्रं व्हॉट्सॲपवर मागवणार असाल तर मास्क केलेलं आधारच मागवा, ज्यात शेवटचे चारच अंक दिसतात. आणि कोणाच्याही खासगी फोनवर नको. डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहेच, पण कायदा नसता तरी शेकडो लोकांचे आधार एचआरच्या गॅलरीत लग्नाच्या फोटोंशेजारी पडलेले बरे दिसत नाहीत.

ॲपचं पॅकेज पुढे चालू ठेवणार का? हेल्पर आणि पॅकिंगसाठी हो, तेही फक्त दिवाळी आणि होळीनंतरच्या टंचाईत. ऑपरेटरसाठी नाही. तिथे आयटीआयला जाऊन मुलं बघणं आणि जुन्या कामगाराने आणलेला गाववाला, हेच अजून सरस. व्हॉट्सॲप नंबर कायम राहील. टॅब्लेट घेणार असाल तर स्वस्तातला चालेल, मात्र पश्चिमेकडे तोंड असलेल्या केबिनमध्ये ठेवू नका, दुपारनंतर पडद्यावर काही म्हणता काही दिसत नाही. आणि त्यात सिमकार्ड घालू नका, नाहीतर आमच्या सिक्युरिटीवाल्या काकांसारखं रात्रपाळीला त्यावर क्रिकेट चालू राहतं आणि सकाळी पहिल्या उमेदवाराला बॅटरी शून्य.