टीमेट: एरर वाचून घेण्यापेक्षा समोरच्याचं टर्मिनलच बघा

फोनवर एरर वाचून घेताना नेहमी एकच घोळ होतो. समोरचा शेवटची ओळ वाचतो आणि खरं कारण दहा ओळी वर असतं. लांबच्या माणसाचं टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) बघायला टीमेटइतकं कमी खटपटीचं साधन दुसरं नाही. ते टीमक्स या एकाच टर्मिनलमध्ये अनेक सेशन चालवणाऱ्या साधनावरूनच बनवलंय, त्यामुळे टीमक्सच्या आज्ञांआधी दाबायच्या कंट्रोल-बीची सवय तशीच चालते.

ज्याला मदत हवी त्याने 'टीमेट' टाइप करून एंटर मारायचं. कनेक्शन त्याच्याकडूनच एसएसएचने (दुसऱ्या मशीनला सुरक्षित जोडायची पद्धत) टीमेटच्या सर्व्हरकडे जातं, म्हणून राउटरवर पोर्ट उघडावं लागत नाही. ऑफिसच्या फायरवॉलने बाहेर जाणारं 22 नंबरचं पोर्ट अडवलं असेल तर मात्र गाडी तिथेच अडते. जोडणी झाली की ब्राउझरची आणि एसएसएचची लिंक मिळते, दोन्ही दोन प्रकारात: नुसती बघायची आणि टायपिंगची. बघायच्या लिंकचं टोकन (तिच्यातला सेशनचा कोड) 'आरओ' आणि डॅशने सुरू होतं. आधी तीच मागा, निदानाला बहुतेकदा तेवढी पुरते. लिंक स्क्रीनवरून गेली तर 'टीमेट शो-मेसेजेस' दिल्यावर परत दिसते.

टायपिंगची लिंक दिली म्हणजे त्या युजरचे सगळे अधिकार दिले. सुडोचा (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवायच्या सोयीचा) पासवर्ड स्क्रीनवर उमटत नाही हे खरं, पण एकदा दिल्यावर काही मिनिटं त्याच पेनमध्ये (टर्मिनलच्या त्याच भागात) तो पुन्हा विचारला जात नाही, आणि मदत करणाराही त्याच पेनमध्ये असतो. काम झालं की 'सुडो' आणि पुढे 'डॅश के' द्यायला सांगा, म्हणजे ही मुभा लगेच संपते. सगळा मजकूर मधल्या सर्व्हरमधून जातो, तेव्हा ग्राहकांचा डेटा असलेल्या मशीनसाठी स्वतःचा टीमेट सर्व्हर उभारावा. तशी सोय आहे, आणि त्याचं पोर्टही आपण ठरवू शकतो.

मोठी उणीव ही की आधीपासून उघड्या असलेल्या शेलमध्ये (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) काय घडलं ते दिसत नाही. टीमेट सुरू करून बिघडलेली कमांड पुन्हा चालवावी लागते. स्क्रीनचा आकारही सगळ्यात लहान खिडकीवर ठरतो. बघणाऱ्याची खिडकी छोटी असेल तर युजरच्या उरलेल्या जागेत ठिपके भरतात आणि तो गोंधळतो, म्हणून आपली खिडकी आधी मोठी करा.

दोघांचं लॉगिन एकाच मशीनवर, एकाच खात्याने असेल तर टीमेट नकोच. टीमक्सचं 'अटॅच' (चालू सेशनला जोडायचं) आणि 'डॅश आर' (नुसतं बघायचं) पुरतं.

टर्मिनलची खिडकी बंद केली किंवा डिटॅच केलं (सेशन न संपवता त्यातून बाहेर पडलं) तरी सेशन मागे चालूच राहतं आणि लिंकही जिवंत राहते. 'टीमेट किल-सर्व्हर' दिलं आणि बघणाऱ्याची जोडणी तुटली, की मगच फोन ठेवा.