सर्च कन्सोल मराठी ब्लॉगला किती कामाचं?

गूगलचं सर्च कन्सोल फुकट आहे, पण ते स्वतःहून एकही वाचक आणून देत नाही. अनोळखी माणूस काय शोधताना तुमच्या लेखापाशी आला, एवढं ते सांगतं. वैयक्तिक ब्लॉगचा वाचक हळूहळू वाढवायचा असेल तर एवढी माहितीही पुष्कळ झाली. मात्र ती वाचायची कशी, हे मराठी ब्लॉगवाल्याला स्वतःच शिकावं लागतं.

जोडणीला पंधरा मिनिटं पुरतात. स्वतःचं डोमेन असेल तर 'डोमेन' प्रकार निवडून डीएनएसमध्ये (डोमेनच्या सेटिंग्जमध्ये) टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे गूगलने दिलेली मालकी पटवणारी ओळ, टाकावा. ब्लॉगस्पॉटचा फुकट पत्ता असेल तर 'यूआरएल प्रीफिक्स' निवडावा, म्हणजे ब्लॉगचा पूर्ण पत्ता द्यावा. मग साइटमॅप, म्हणजे ब्लॉगवरच्या पानांची यादी, द्यायचा. ब्लॉगरवर (ब्लॉगस्पॉट चालवणारी गूगलची सेवा) तो आपोआप बनतो आणि वर्डप्रेसमध्येही ५.५ या आवृत्तीपासून आयता मिळतो. ब्लॉग जोडण्याआधीचा इतिहास मिळेल या भरवशावर राहू नये, म्हणून पहिल्या लेखाच्या दिवशीच जोडलेला बरा.

खरा माल 'परफॉर्मन्स' अहवालात आहे. क्लिक, इम्प्रेशन (शोधात लेख किती वेळा दिसला), सीटीआर (दिसल्यापैकी किती टक्के वेळा क्लिक झालं) आणि निकालांतलं सरासरी स्थान हे चार आकडे तिथे १६ महिन्यांपर्यंतचे मिळतात. नवखा माणूस क्लिकचा आलेख बघतो आणि खूश किंवा खट्टू होऊन बाहेर पडतो. बघायच्या असतात त्या क्वेरी, म्हणजे लोकांनी शोधायला टाइप केलेले शब्द: ज्यांची इम्प्रेशन भरपूर आहेत, सरासरी स्थान साधारण ८ ते २० आहे आणि क्लिक जवळपास नाहीत. गूगल वाचकाला तुमच्या दारापर्यंत आणतंय, तो मात्र आत येत नाही. याचं एक नेहमीचं कारण म्हणजे आपली शीर्षकं. सातबारा कसा वाचायचा हे नीट समजावणाऱ्या लेखाला 'कागदामागची जमीन' असं नाव दिलं, तर शोधणाऱ्याला तो ललित लेख वाटणार. 'सातबारा उतारा कसा वाचावा' हे नाव रुक्ष आहे, पण लोक शोधतात त्याच शब्दांत आहे. शीर्षक आणि पहिला परिच्छेद बदलून चार आठवडे थांबावं आणि मग 'कम्पेअर'मध्ये आधीचे २८ दिवस आणि नंतरचे २८ दिवस शेजारी लावावेत. लेखाचा पत्ता मात्र बदलू नये. ब्लॉगरवर बदलावाच लागला तर सेटिंग्जमध्ये कस्टम रीडायरेक्ट टाकावा, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेला वाचक नव्यावर पोचतो.

आता मराठीपुरती एक युक्ती. क्वेरी फिल्टरमध्ये 'कस्टम रेजेक्स' (अक्षरांच्या नमुन्याने शोधायची सोय) निवडून [अ-ह] एवढंच टाकलं की देवनागरीत टाइप केलेल्या क्वेरी वेगळ्या होतात. 'डझंट मॅच' केलं की उरतात त्या रोमन लिपीतल्या. हिंदीही देवनागरीतच येते, म्हणून त्याजागी ळ|आहे|कशी|कसे (यांपैकी काहीही असलेल्या क्वेरी) असा दुसरा फिल्टर लावावा. बऱ्याच मराठी क्वेरी हाती लागतात. रोमन क्वेरी जास्त दिसल्या म्हणून लेखात रोमन शब्दांचा सडा घालायची गरज नाही. पुरणपोळी, पुरण पोळी, पूरणपोळी अशी लेखनाची रूपं मात्र पाहून ठेवावीत आणि लोकांचं रूढ रूप शीर्षकात घ्यावं.

आकडे वाचताना दोन ठिकाणी पाय घसरतो. रोजचे आकडे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या पॅसिफिक वेळेनुसार मोजले जातात, म्हणजे तिथला दिवस आपल्याकडे दुपारी साडेबाराला किंवा हिवाळ्यात दीडला सुरू होतो. सकाळी ८ वाजता टाकलेल्या लेखाचे पहिले क्लिक आदल्या दिवसाच्या खात्यात जमा! दुसरं सणांचं. गणेश चतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. मोदकांच्या लेखाची सप्टेंबरशी सप्टेंबर अशी तुलना केली तर वाचक ओसरल्याचा भास होणार. तारखा हाताने टाकून सणाच्या आधीचे १५ दिवस जुळवावेत.

कोणती पानं गूगलच्या शोधयादीत (इंडेक्समध्ये) आहेत ते सांगणारा 'पेजेस' अहवाल उगाच घाबरवतो. ब्लॉगरवर पत्त्याच्या शेवटी एम=१ लागलेली मोबाइल पानं आणि रोबॉट्स फाइलने (शोधयंत्रांना दिलेल्या सूचनांनी) अडवलेली लेबलांची पानं तिथे इंडेक्स न झालेल्यांत दिसतात. ती तशीच सोडावीत. लक्ष द्यायचं ते 'क्रॉल्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड' (गूगलने वाचली, पण यादीत घेतली नाहीत) या रांगेकडे. चार ओळींची नोंद, फोटोखाली एक वाक्य असा ऐवज तिथे साचतो. एकाच विषयाच्या अशा पाच नोंदींचा एक भरीव लेख करणं हा त्यावरचा उपाय. पान यादीत घ्या अशी विनंती करणारं 'रिक्वेस्ट इंडेक्सिंग' पुन्हा पुन्हा दाबल्याने रांगेत नंबर पुढे सरकत नाही, उलट दिवसाचा कोटा संपतो.

एक दोष पत्त्यातच असतो आणि सर्च कन्सोल तो बोलून दाखवत नाही. ब्लॉगरवर निव्वळ देवनागरी शीर्षक दिलं की पत्ता 'ब्लॉग-पोस्ट' आणि एखादा आकडा असा निर्बुद्ध बनतो. प्रकाशित करण्याआधी कस्टम परमालिंकमध्ये (लेखाचा पत्ता स्वतः लिहायची चौकट) रोमन शब्द द्यावेत. वर्डप्रेस देवनागरी ठेवतं, पण पत्त्यात प्रत्येक अक्षरचिन्हाची ९ वर्णं होतात आणि मर्यादा २०० ची. म्हणजे काना-मात्रा धरून जेमतेम बावीस चिन्हं, पुढचं शीर्षक कापलं जातं.

तक्रारी आहेतच. पडद्यावर १,००० ओळींपलीकडे काही दिसत नाही. फार कमी लोकांनी केलेल्या क्वेरी गोपनीयतेसाठी लपवल्या जातात, त्यामुळे ओळींची बेरीज एकूण क्लिकशी जुळत नाही, आणि छोट्या ब्लॉगला हे जास्त जाचतं. पानांचा वेग आणि वापरातली सुलभता मोजणारं 'कोअर वेब व्हायटल्स' तर छोट्या ब्लॉगसाठी बहुधा रिकामंच असतं. व्हॉट्सॲपवरून आलेला वाचक इथे मोजलाच जात नाही, आणि कोण परत आलं हेही कळत नाही. त्यासाठी वेगळं ॲनालिटिक्स आणि ईमेल यादी लागते. जुन्या ब्लॉगस्पॉट ब्लॉगांवर 'ईमेलने मिळवा' अशी चौकट अजून लटकलेली दिसते. तिच्यामागची गूगलच्या फीडबर्नरची ईमेल सेवा २०२१ मध्येच बंद झाली. ती चौकट आधी काढा आणि चालू सेवेची लावा.