आठ नंबरचा फ्लाय रॉड, नऊ महिने वापरून: रीळ गंजलं खाडीत, लाइन बुडली पंचगंगेत

फ्लाय रॉड म्हणजे जड दोराच्या, म्हणजे लाइनच्या, जोरावर हलकं नकली आमिष फेकायची मासेमारीची काठी. मार्चमध्ये सिंधुदुर्गातल्या आचऱ्याच्या खाडीत माझ्या रॉडला तांबोशी लागली आणि रीळ जाम झालं. ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, पूर्ण सैल केला तरी लाइन गुंडाळलेली चकरी हलेना. मासा तिवराच्या मुळांत घुसला, लाइनच्या टोकाचा पातळ धागा, म्हणजे लीडर, तुटला, सगळा खेळ पाच-सात सेकंदांत आटोपला. १४,५०० रुपयांचा सेट, खोक्यावर ठळक अक्षरांत ‘खाऱ्या पाण्यासाठी’ छापलेलं, आणि सहा महिन्यांत ही गत. त्याच रात्री हे लिहायला घेतलं होतं. तेव्हा टाकलं असतं तर त्यातलं निम्मं खोटं ठरलं असतं.

आधी रिळाचं. प्रत्येक फेरीनंतर मी ते गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, सावलीत वाळवत होतो. तरी दुकानदाराचं उत्तर एकच: "सर, मिठाचा गंज वॉरंटीत बसत नाही." मग खोक्यावर छापलंय ते कशाला? यावर तीन आठवडे फोन करूनही उत्तर मिळालं नाही. शेवटी रीळ घेऊन कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात एका लेथवाल्याकडे गेलो. त्याने झाकण उघडलं आणि माझ्यापुढे धरलं. "साहेब, बाहेरनं चकाचक हाय, पर आतलं बेअरिंग साधं हाय की!" आत तांबूस चिखल झाला होता. स्टेनलेसचं बेअरिंग, नवा वॉशर आणि मजुरी धरून ४०० रुपये लागले. त्यानंतर मेअखेरपर्यंत तीन फेऱ्या झाल्या, रीळ लोण्यासारखं फिरतंय. चारशे रुपयांचं काम कंपनीने मुळातच करून द्यायला हवं होतं, हा राग अजून गेलेला नाही.

रॉडबद्दल तक्रार नाही. वाऱ्यात डबल हॉल मारला, म्हणजे फेकताना मोकळ्या हाताने लाइन दोनदा खेचली, तर क्लाउझर हे वजनदार डोळ्यांचं नकली आमिषही नीट जातं.

आता लाइन. माझी मोठी तक्रार हीच होती आणि तीच मागे घेतोय. तरंगणारी लाइन, उष्ण हवामानाची, तरी जानेवारीपासून टोक बुडायला लागलं. उचलताना जड, कास्ट अर्ध्यातच कोसळायची. लाइन डुप्लिकेट आहे, असा खरमरीत मेल मी दुकानदाराला पाठवला.

कामाच्या दिवसांत मी संध्याकाळी शिवाजी पुलाजवळ पंचगंगेवर सराव करतो. गळ नसतो, टोकाला लाल लोकरीचा तुकडा बांधतो. एका रात्री लाइन जुन्या पांढऱ्या धोतराच्या तुकड्यातून ओढून घेतली, तर फडक्यावर बोटभर रुंद काळा, चिकट पट्टा उमटला. वास थेट गटाराचा. लाइनच्या आवरणात हवा भरलेले बारीक काचमणी असतात, त्यांच्यावर ती तरंगते. पण वरून असा थर चढला की आवरण पाणी झटकत नाही आणि बारीक टोक आधी बुडतं. कोमट साबणाच्या पाण्यात धुतली, दुसऱ्या दिवशी पुन्हा तरंगायला लागली.

मग मुद्दाम तीन ठिकाणी तसंच करून पाहिलं. आचऱ्याच्या खाडीतून आल्यावर फडक्यावर मिठाचे कण आणि थोडा गाळ. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकत्र येतात त्या प्रयाग चिखलीला, म्हणजे शहराच्या वरच्या अंगाला, फिकट मातकट रेघ. शिवाजी पुलाजवळ पुन्हा काळा पट्टा. लाइन तीच, धोतरही तेच. जयंती नाल्यासारख्या नाल्यांतून शहराचं सांडपाणी नदीत उतरतं. उन्हाळ्यात प्रवाह मंदावतो, पाणी बंधाऱ्यांमागे तुंबतं, केंदाळ पसरतं. पाण्यातला ऑक्सिजन संपला की माशांचा खच काठाला लागतो. हे आपण दरवर्षी वाचतो. मला ते हातातल्या फडक्यावर दिसलं तेव्हा पोटात कालवलं. याच पाण्यात मी पोहायला शिकलो.

खाडीची अवस्था अजून बरी आहे आणि ती तशीच राहावी असं मनापासून वाटतं. एप्रिलमध्ये हातभर लांबीची चोणक लागली. गळाचा उलटा दात पक्कडीने आधीच दाबलेला असतो, त्यामुळे ती पाण्यातच सुटली. शेपटीच्या बुंध्याला धरून तोंड प्रवाहाकडे ठेवलं. कल्ले दोनदा उघडले, मिटले, आणि हाताला हिसडा देऊन ती गेली. होडीवाला हळहळला. "काका, सोडतास कित्याक?" मी सांगितलं, चोणक आधी नर असते, वाढल्यावर मादी होते. मोठी मारली म्हणजे अंडी देणारीच मारली. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "तां खरां. गाबोळी मोठ्यांकच गावता."

ती अंडी देते खाडीच्या तोंडाशी, पावसाळ्यात, आणि पिल्लं वाढायला गोड्या पाण्याकडे वर चढतात. म्हणजे वरची नदी घाण झाली किंवा अडली, तर खाली होडीवाल्याच्या गरीला काय लागणार? गगनबावड्याला पडलेल्या पावसाचं थोडं पाणी कुंभीतून आपल्याकडे येतं, थोडं घाट उतरून विजयदुर्गच्या खाडीला जातं. आपल्या वाट्याच्या पाण्याचं आपण काय केलं ते माझ्या फडक्यावर आहे.

दुकानदाराला लाइनबद्दल माफीचा मेल केला, रिळाबद्दलची तक्रार तशीच ठेवली. १ जून ते ३१ जुलै समुद्रातली यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, हे चोणकीच्या विणीचे दिवस. म्हणून माझाही रॉड नळीत बंद आहे, तो नारळी पौर्णिमेनंतरच काढणार. तिन्ही फडकी तारीख घालून पिशवीत ठेवली आहेत. पुराचं पाणी उतरलं की शिवाजी पुलाखाली, त्याच जागी चौथं घ्यायचं आहे.