माद्रिदमध्ये 1,150 युरोंना गंडवलं: स्पॅनिश लष्करी पदकं घेणाऱ्यांनी वाचाच

390, 380 आणि 380. तीन पावत्या, एकूण 1,150 युरो. आकडा लिहितानाही तळपायाची आग मस्तकात जाते. माद्रिदमधल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानदाराने मला शेंडी लावली. इकडे नोकरीला आलेल्या आपल्यापैकी कुणी पदकं जमवत असेल, तर निदान त्याचे पैसे वाचावेत म्हणून लिहितोय.

माल काय, तर 'मोरोक्कोत लढलेल्या एका सार्जंटचा संच'. लाल मिन्याचा मेरितो मिलितार (लष्करी गुणवत्ता) क्रॉस, सान एर्मेनेहिल्दोचा क्रॉस, 1927 चं मोरोक्को शांतता पदक आणि पिवळट कागदावरच्या सेवापत्रकाची प्रत. लाल क्रॉसच्या वरच्या भुजेवरच्या पट्टीत 1921 कोरलेलं. आन्वालचं साल! त्या जुलैत उत्तर मोरोक्कोतल्या रिफमध्ये स्पॅनिश सैन्याची धूळधाण उडाली, हे माहीत असलेल्या माणसाचा हात खिशाकडे जाणारच. दुकानदाराला ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

आता तो क्षण. मी भिंग काढलं होतं. मधल्या ढालीवर कास्तियाचा किल्ला दिसला, लेओनचा सिंह दिसला. मधोमध स्पेनच्या बोर्बोन राजघराण्याची तीन लिलीची फुलं हवीत, ती नव्हती. मी विचारलंसुद्धा, लिली कुठे आहे? तो शांतपणे म्हणाला, "शंभर वर्षं झाली, सेन्योर. मिना झिजतो." आणि मी मान डोलावली! मिना झिजला तर खाली धातूवर काहीतरी खूण राहील की नाही? सिंहाची शेपटी शाबूत आणि झिजली ती फक्त लिली? राजा तेराव्या अल्फोन्सोने 1931 मध्ये देश सोडला, त्याच्याबरोबर लिलीही गेली. प्रजासत्ताकाने राजमुकुटाच्या जागी तटबंदीचा मुकुट आणला. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीतही लिली नव्हती, ती परतली 1975 नंतर, राजेशाहीबरोबर. म्हणजे माझा क्रॉस 1931 नंतरचा आणि 1921 नंतर कुणीतरी कोरलेलं. कोरलेल्या सालावर कधीही काळ ठरवू नका. ढाल पाहा, मुकुट पाहा.

आणि मी काही काल भिंग हातात घेतलेला नाही. कोणता सन्मान कधी सुरू झाला, सान फेर्नांदो 1811, सान एर्मेनेहिल्दो 1814, मेरितो मिलितार 1864, हे मला पाठ आहे. पण त्याने आधी हातात दिलं ते शांतता पदक, आणि ते अस्सल होतं. राजाचा चेहरा, फीत, झीज, सगळं बरोबर. स्वस्तातला एक खरा नग पुढे करायचा आणि त्याच्या आडून बाकीचं खपवायचं. यात भलेभले फसलेत, मी एकटा नाही.

नंतर एका म्हाताऱ्या संग्राहकाने सेवापत्रक पाहिलं आणि हसलाच. सान एर्मेनेहिल्दो म्हणजे बरीच वर्षं निष्कलंक सेवा केल्याचा मान, आणि त्या काळी तो फक्त अधिकाऱ्यांना मिळे. सार्जंटला कुठून मिळणार? लाल मिन्याचा क्रॉससुद्धा अधिकाऱ्यांचा. खालच्या हुद्द्यांना चांदीचा. थोडक्यात, कागद एकाचा, पदकं भलत्यांचीच. सेवापत्रक दाखवलं की आधी सेगोव्हियाच्या लष्करी अभिलेखागाराला लिहा. युद्ध मंत्रालयाच्या जुन्या राजपत्रात सन्मानांच्या याद्या छापलेल्या आहेत, त्या चाळा. दुकानदार "आज दुसरं गिऱ्हाईक येतंय" म्हणाला तर येऊ द्या.

तीन पावत्या का, तर म्हणे रोखीने हजार युरो किंवा त्याहून जास्त घेता येत नाहीत. कायदा खरा आहे. पण रक्कम पावत्यांत तोडली तरी बेरीज एकच धरतात आणि मर्यादा मोडली की दंड होतो, हे त्याने सांगितलं नाही. दुसरा फायदा मला पोलीस ठाण्यात कळला. 400 युरोंपर्यंतची फसवणूक किरकोळ गुन्ह्यात जाते. माझी प्रत्येक पावती चारशेच्या आत! एकाच दुपारी, एकाच टेबलावर, एकाच माणसाला फाडलेल्या पावत्या, मग बेरीज का नाही करायची? तिथला अधिकारी म्हणाला, तुम्ही भिंगातून बघूनच घेतलंत ना? वर म्हणे, पदक खोटं कुठे आहे, पदक तर खरंच आहे, फक्त काळ वेगळा. तज्ज्ञाचा अहवाल आणा. अहवालाचे 120 युरो मीच भरले. तो घेऊन गेलो तर टेबलावर दुसराच माणूस, त्याला पहिल्यापासून सगळं सांगा. ग्राहक कार्यालयात तऱ्हाच निराळी. पावतीवर कर क्रमांक नाही, म्हणजे ही दोन खासगी व्यक्तींमधली विक्री, आमचा संबंध नाही! पाटी लावून, काउंटर टाकून बसलेला माणूस खासगी व्यक्ती कसा? हे विचारलं तर हातात पुढच्या भेटीचा अर्ज ठेवला. फसवणाऱ्याला कुणी काही विचारत नाही, फसलेल्याने मात्र प्रत्येक खिडकीवर आपली अक्कल सिद्ध करायची.

पावतीवर लिहिलं काय होतं? 'जुन्या वस्तू, विविध'. बस्स. पदकाचं नाव, राजवट, साल पावतीवर लिहून देत नसेल, तर पाकीट बंद करा आणि बाहेर पडा. पैसे बँकेतूनच द्या.

दोन हजार युरोंपर्यंतच्या दिवाणी दाव्याला इथे वकील लागत नाही, म्हणून मीच दावा लावलाय. तुमच्यापैकी कुणाकडे माद्रिदमधली 'जुन्या वस्तू, विविध' अशी तोडलेली पावती असेल तर फाडू नका, मला कळवा. दोघातिघांच्या पावत्या एकत्र आल्या की निदान "खासगी विक्री" हे तुणतुणं तरी बंद होईल.